तिवड्याला बांधलेली टिटवी

सोमवार, ८ मे

पोचले एकदाची. टिटवी पाण्यात आहे, मी टिटवीत आहे, आणि अजून तरी दोघींपैकी कुणी बुडालेलं नाही.

सकाळी कोथरूडहून ट्रेलर निघाला तेव्हा सोसायटीतली निम्मी मंडळी गॅलरीत उभी होती. चंद्रकांत पाच वर्षं पार्किंगमध्ये होडी बांधत होता तेव्हा हीच मंडळी हसून बेजार व्हायची. आज सगळे डोळे पुसत होते. तो असता तर म्हणाला असता, बघ आशा, पार्किंगची जागा सुटली म्हणून आनंदाश्रू आलेत. तो दिवाळीत गेला. होडीला शेवटचा रंग लावून झाला होता, पाण्यात घालायची तेवढी राहिली.

लाकूडकाम सगळं त्याचं. शीड मात्र माझं, माझ्या शिवणक्लासच्या मशिनवर शिवलेलं. दोन महिने बायका ब्लाउजचं माप द्यायला यायच्या आणि शिडाच्या कापडावरून उड्या मारत आत यायच्या. एकीने विचारलं होतं, एवढा मोठा परकर कुणाचा?

मुळशीचं पाणी मी आजवर फक्त रस्त्यावरून पाहिलं होतं, भजी खात. पाण्यात बसून पाहिलं की ते वेगळंच दिसतं. मे महिना असल्यामुळे पाणी खाली गेलंय, काठाकाठाने तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडलाय आणि त्याच्यावर डोंगर. पश्चिमेकडे पाणी वाकडंतिकडं होत ताम्हिणीच्या दिशेने जातं. दोन्ही बाजूंना डोंगरांच्या सोंडा पाण्यात उतरल्यात, आणि दर दोन सोंडांमध्ये पाण्याचा एकेक फाटा आत शिरलाय. दिवसा शीड उभारून पुढे जायचं आणि रात्री अशा एखाद्या फाट्यात आडोसा बघून झोपायचं, असा चंद्रकांतचा बेत होता. आता तो माझा आहे.

टिटवी तशी लहान. पुढे केबिन, म्हणजे झोपायला फळी आणि वर छप्पर. पटकन उठून बसलं तर डोकं आपटतं. मागे सुकाणू, दोन वल्ही, मध्ये डोलकाठी. शिडाच्या तळाला जी आडवी काठी असते ती माझी जुनी वैरीण आहे. होडी वळवली की ती एका बाजूची दुसऱ्या बाजूला सपकन येते आणि वाटेत डोकं असलं तर ते फोडते. खडकवासल्याला शिकत होतो तेव्हा प्रत्येक वळणाआधी चंद्रकांत सांगायचा, "आशा, वळतोय." की मी मान खाली घालायची. हे इतकं अंगात भिनलं की घरी वरणभात जेवताना तो गंमत म्हणून तसं म्हणायचा आणि माझी मान खाली जायची. मग तो हसायचा, मी चिडायची.

वैष्णवीशी बोलणं झालं. लेक नाशिकला असते आणि तिथे बसून माझी काळजी करते. आमचं ठरलंय असं: रविवारी मी टिटवीसकट धड परत आले, तर होडी राहील आणि मीही माझ्या घरात राहीन. कुणाला मला सोडवायला यावं लागलं, तर होडी विकायची आणि मी तिच्याकडे राहायला जायचं. मुलगी वाईट नाही. पण माझ्यासाठी ठेवलेल्या खोलीची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते, मी बघून आलेय. मला तिथे जायचं नाही. म्हणून कुणालाही हाक न मारता रविवारी परतायचं.


मंगळवार, ९ मे

आज खरी परीक्षा झाली आणि मी पास झाले, काठावर का होईना.

सकाळी वाऱ्याचा पत्ता नव्हता. वल्ही मारून मारून दंड भरून आले. दुपारनंतर मात्र घाटातून पश्चिमेचा वारा असा सुटला की टिटवी एका अंगावर कलली आणि माझ्या तोंडातून नको ते शब्द गेले. वारा समोरून, म्हणून तिरकं तिरकं जायचं, थोडं उजवीकडे, वळण, थोडं डावीकडे, वळण. दर वळणाला मी स्वतःच मोठ्याने म्हणत होते, आशा, वळतोय. मग मान खाली. एकटीनेच बोलायचं आणि एकटीनेच ऐकायचं. पहिल्यांदा हसू आलं, नंतर मी म्हणणं बंद केलं.

उन्हं कलताना कैलासगडाच्या बाजूला एक अरुंद फाटा दिसला. तोंडाशी दोन्हीकडे खडक, आत वळण, त्यामुळे बाहेरचा वारा आत पोचत नाही. बांबूने तळ चाचपत शिरले, कारण पाण्याखाली बुडालेल्या झाडांची खोडं असतात. पुढे गाळ लागला. नांगर टाकला तर तो गाळातून लोण्यातल्या सुरीसारखा घसरत आला. दोनदा टाकला, दोनदा तेच. आता काय करावं म्हणून मान वर केली तर समोर पाण्यातून एक खांब वर आलेला. माणसाच्या छातीइतका उंच, काळा, जाड. जुनं लाकूड होतं, पण ठोकून पाहिलं तर टणटणीत. कमरेशी चहूबाजूंनी एक गुळगुळीत खाच, दोर बसावा म्हणूनच केल्यासारखी. मी खांबाला नमस्कार केला आणि टिटवी बांधली.

गाठ चंद्रकांतने शिकवलेली, न घसरणाऱ्या फासाची. शेपटी दोनदा आत ओवायची ही माझी शिवणकामातली खोड. तो म्हणायचा, एकदा पुरते. मी दोनदाच ओवते.

इतकी शांत जागा मी आयुष्यात पाहिली नाही. मॅगी केली. दोन वाट्या काढल्या आणि मग एक परत ठेवली.


बुधवार, १० मे

मेल्यासारखी झोपले. जाग आली तेव्हा होडीचं नाक खांबाला टेकलं होतं. चांगला लांबलचक दोर सोडला होता, तो सगळा खांबाभोवती गुंडाळला गेला होता, रिळावर दोरा बसतो तसा सफाईने. रात्री वारा फिरला असणार. उलगडून पुन्हा लांब सोडला.

चहा करत होते तर काठावर एक म्हातारी येऊन उभी. काष्टा, कपाळावर गोंदण, हातात काठी, मागे एक पांढरा थकलेला बैल. नाव तुळजाबाई. वर सोंडेवर त्यांची वाडी आहे, चार घरांची. मी सांगितलं पुण्याहून आले, होडीने, एकटी. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती खांबाकडे बघत होती. तिने विचारलं, बांधली कुनी, तुमीच का, तुमच्या हातानं? मी व्हय म्हटलं. तिने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, बरं झालं बाई, औंदा आमचा ढवळ्या वाचला.

मला वाटलं, काहीतरी गावाकडचा विनोद असेल. मीही हसले. ती हसली नाही. बैलाला घेऊन वर निघून गेली, आणि जाताना तिचा चेहरा इतका हलका झालेला दिसला की मला बरंच वाटलं.

आज समोरचा वारा खूप, म्हणून इथेच थांबले. शिडाची एक शिवण उसवली होती ती हाताने घातली. पायांच्या पोटऱ्या दुखताहेत. होडीत चालायला जागाच नाही, मग पोटऱ्या कशाने दुखतात कोण जाणे. वय झालं म्हणायचं.


गुरुवार, ११ मे

पुन्हा दोर खांबाभोवती. पुन्हा त्याच दिशेने, सगळे वेढे एका बाजूचे. वारा फिरतो, मान्य. पण रात्रभर तो एकाच दिशेने गोल गोल फिरत राहील, असं मला खडकवासल्याला कुणी शिकवलं नाही.

पाणी उतरलंय. खांबाच्या बुडाशी गोल जमीन उघडी पडते आहे, कडेने दगड रचलेले, मधे खांब. टिटवीखाली अजून गुडघाभर पाणी आहे. मी चपला घालून त्या गोलावर उतरले, तर वरून तुळजाबाईने आवाज दिला, तितं चपला घालून जाऊ नगा. तिने नाचणीच्या भाकरी आणल्या होत्या, झुणका आणि गुळाचा खडा. काठावर बसून आम्ही जेवलो. म्हणजे मी जेवले, ती बघत बसली.

तिच्याकडून कळलं ते असं. हे खळं आहे आणि मधला खांब म्हणजे तिवडा. मळणीला बैल त्याला बांधायचे, एकाला एक जोडून ओळीने, त्या ओळीला पात म्हणायचं. पात तिवड्याभोवती फिरत राहते आणि पायांखाली कणसं तुडवली जातात. धरणाचं पाणी आलं त्या साली तिच्या सासऱ्याच्या आज्याची मळणी याच खळ्यावर चालू होती. दाण्याची रास उचलायच्या आधी पाणी चढलं. पात तशीच फिरत राहिली. तिवड्याला बांधलेलं रास उचलल्याबिगर सोडत न्हाईत, ती म्हणाली. आणि रास काही उचलली गेली नाही. म्हणून दर उन्हाळ्यात खळं वर आलं की ते एक बैल आणून बांधतात, पाणी चढंपत्तोर. मी विचारलं, आणि पाणी चढल्यावर? तिने गुळाचा खडा माझ्या पानात सरकवला.

ओल्या मातीत बैल बांधून बुडवायचा, ही कुठली रीत? राग आला. मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, म्हनून तर म्हनले, बरं झालं.

उद्या सकाळी निघते.


शुक्रवार, १२ मे

गाठ सुटेना. पाण्याने फुगून दगड झाली होती. शेवटी शिवणाची मोठी कात्री घेतली आणि दोर कापला. कापताना चंद्रकांतची आठवण झाली, दोर कापणाऱ्याला तो आळशी म्हणायचा. म्हणू दे.

वल्ही मारत फाट्याच्या तोंडाशी आले. वारा पूर्ण पडलेला, बाहेर पाणी तव्यासारखं सपाट. दोन खडकांमध्ये नांगर टाकला आणि तो पहिल्या फटक्यात धरला. इथून मोठं पाणी दिसतं, पलीकडच्या काठावर फार्महाउसचे दिवे लागलेले दिसतात. इतके दिवस दिव्यांचं काही वाटलं नव्हतं. आज बघत बसले. एकेका दिव्याखाली माणसं जेवत असतील, भांडत असतील, टीव्ही बघत असतील.

उद्या वाऱ्याबरोबर परत. रविवार गाठणारच.


शनिवार, १३ मे

मी तिवड्यापाशी आहे.

टिटवी बांधलेली आहे. कापलेल्या दोराची दोन टोकं जोडलेली आहेत. गाठ माझी आहे. शेपटी दोनदा आत ओवलेली आहे. दुसरं कुणी अशी गाठ मारत नाही.

माझे पाय घोट्यापर्यंत चिखलाने माखलेत. तळहातांवर वल्ह्यांचे ताजे फोड. म्हणजे मी झोपेत उठले, नांगर उचलला, वल्ही मारत आत आले आणि बांधलं. झोपेत चालणारी माणसं असतात. आमच्या क्लासमधल्या एकीची नणंद झोपेत कणीक मळायची. मी कधी चालले नव्हते, आता चालते आहे. नवरा गेल्यावर माणसाला काय काय होतं.

आज मनगट फळीच्या कडीला बांधून झोपणार. मापाच्या टेपने. ती मजबूत आहे.


रविवार, १४ मे

टेप उशाशी होती. घट्ट, नीट गुंडाळलेली, टोक आत खोचून, मी रोज क्लास संपल्यावर गुंडाळते तशी.

पायजम्याच्या दुमडीत भुसा सापडला. नाचणीचा, सोनेरी, कोरडा. या चिखलात कोरडा भुसा कुठून येणार.

रेंजसाठी वाडीवर चढले. ढवळ्या गोठ्यात पेंड खात होता. त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खायला लागला. वैष्णवीला फोन लावला. तिने विचारलं, निघालीस का? मी म्हटलं, वारा छान आहे, अजून तीन-चार दिवस राहते, मजा येते आहे. ती म्हणाली, आई, तुझा आवाज दमल्यासारखा येतोय. मी म्हटलं, अगं वल्ही मारून मारून. मला सांगायचं होतं. सगळं सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर ती दुपारपर्यंत इथे असती, आणि टिटवी गेली असती, आणि माझं घर गेलं असतं. म्हणून बुधवार सांगितला आणि ठेवला.

तुळजाबाईचा मुलगा बहिरू ताम्हिणीपर्यंत जीप चालवतो. त्याने मला आईच्या माघारी बाजूला घेतलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, जीपच्या चाकाकडे बघत होता. म्हणाला, मावशी, होडी ऱ्हाऊ द्या तितंच. तुमी आत्ता माझ्यासंगं चला, रस्त्याला सोडतो, पुण्याची एसटी घावंल. बांधलेलं ऱ्हातं, बांधनारं जाऊ शकतंय. मी विचारलं, आणि होडी सोडवायची असेल तर? तो म्हणाला, मग तिच्या जागंला कुनीतरी लागतंय. पात मोकळी ऱ्हात न्हाई.

मी जीपमध्ये बसलेही. खरंच बसले. त्याने चावी फिरवली. वरून खाली टिटवी दिसत होती, एवढीशी, चंद्रकांतने शेवटी लावलेला तो निळा रंग. मी उतरले. पाच वर्षं एक माणूस रात्री जेवून खाली जायचा आणि तासत बसायचा, हातांना भुशाचा वास घेऊन वर यायचा. त्याचं तेवढंच उरलंय. ते मी बैलाच्या जागी सोडून जाऊ शकत नाही.

बहिरू जीप घेऊन गेला.


सोमवार, १५ मे

पाणी खळ्याच्या बाहेर गेलं. टिटवी कोरड्यावर आहे, आणि तरी ती काल होती तिथे नाही. तिवड्याच्या पलीकडे गेली आहे. चिखलात तिच्या तळाची चरी उमटली आहे, गोल, पुन्हा पुन्हा त्याच चरीतून फिरलेली, खोल. चरीत होडीच्या पुढे पावलं आहेत. अनवाणी. मी माझा पाय त्यात ठेवून पाहिला.

एवढी होडी मी ओढली? ट्रेलरवर चढवायला चार माणसं लागली होती.

उजवा खांदा काळानिळा झालाय.

पावलं फक्त माझी आहेत. पण ती तिवड्याच्या जवळून जातात आणि बाहेरच्या अंगाला जागा सोडलेली आहे. कुणीतरी शेजारून चालतंय म्हणून सोडावी तशी. तुळजाबाई म्हणाली होती, म्हातारं जनावर आतल्या अंगाला बांधतात, त्याला कमी चालावं लागतं.


मंगळवार, १६ मे

मला थोडं आठवतं आता. झोपेतलं.

ऊन नसतं, अंधारही नसतो. पायाखाली कणसं असतात, मऊ. बाहेरच्या अंगाला श्वास असतो. मोठा, संथ, गरम. मला भीती वाटायला हवी. वाटत नाही. दिवाळीपासून माझ्या शेजारी कुणी श्वास घेतलेला नाही. सहा महिने मी पलंगाच्या एका कडेला झोपते आणि दुसरी कडा मोकळी ठेवते.

आणि मग तो म्हणतो, आशा, वळतोय.

तसाच. त्याच आवाजात.

मान खाली जाते.

तो चंद्रकांत नाही. हे मी लिहून ठेवते आहे, कारण मला कळतं की हा तो नाही. खळ्यावर वळण नसतंच. गोलात सगळंच वळण असतं. वळतोय म्हणायची गरजच नाही. तो हे फक्त माझी मान खाली जावी म्हणून म्हणतो.

उद्या दिवसाढवळ्या गाठ सोडते. झोपायचं नाही. वैष्णवीला बुधवार सांगितला आहे, बुधवारी टिटवी घरी जाणार.


बुधवार, १७ मे

रात्रभर जागी. गाणी म्हटली. पाढे म्हटले.

सकाळी गाठ सुटली. आपोआप सुटल्यासारखी — बोट लावलं आणि शेपटी बाहेर आली. दोन्ही वेढे. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

टिटवी चिखलावरून अलगद खाली सरकली, पाण्याला लागली. वारा आमच्या बाजूचा, पहिल्यांदा. शीड आधीच उभारलं होतं, ते भरलं. माझा एक पाय होडीत. एक हात तिच्या काठावर. दुसऱ्या हातात दोराचं टोक. मी हसत होते. मी खरंच हसत होते —

मागून म्हणाला, आशा, वळतोय.

मान खाली गेली.

इतक्या वर्षांची सवय. विचार करायला वेळच नसतो. आडवी काठी डोक्यावरून गेली, वारा लागला कानाला. मान वर केली तेव्हा टिटवी दोन खडकांच्या मधून बाहेर जात होती. एकटी. झोकात. चंद्रकांतने पाहायला हवी होती.

मी खळ्यावर होते.

पोहता येत नाही असं नाही. पळत गेले. पाण्यापर्यंत गेले — पाणी आलंच नाही. पळत राहिले आणि तिवडा उजव्या हाताला. पुन्हा उजव्या हाताला.


नंतर

वही खांद्याच्या पिशवीत होती. पेन आहे.

वाडीच्या वाटेने चढले. चढ संपतो आणि खळं येतं. दुसऱ्या वाटेने. खळं येतं.

हाका मारल्या. रविवारी मारायच्या होत्या त्या सगळ्या.

मोठ्या पाण्यावर टिटवी दिसते. निळा ठिपका. कुणीतरी धरेल तिला. वैष्णवीला फोन जाईल. होडी धड आहे म्हणतील. एक ओरखडा नाही.


उजेड आहे

तुळजाबाई आली. भाकरी, गूळ. मी म्हटलं, बहिरूला सांग, जीप आण. तिने ऐकलं नाही की तिला ऐकू गेलं नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवला. मानेपासून खाली, सावकाश, दोनदा. म्हणाली, खा गं बाय. पाणी चढंपत्तोर खाऊन घे. मग ती रडली. मागे ढवळ्या उभा होता. शेपटीने माश्या वारत.

बोटं जाड झालीत. लिहायला —

मान दुखते. दोर कुठेच दिसत नाही पण मान दुखते, आणि ताण आहे, एका बाजूला.


चालताना लिहिते. थांबता येत नाही.

वैष्णवी, मी चुकले नाही. होडी परत आली ना? मग आपलं ठरल्याप्रमाणे — ती विकू नकोस. शिडाची एक शिवण मी हाताने घातली आहे, ती तशीच राहू दे. ती माझी

बाहेरच्या अंगाला श्वास. जवळ. गरम. हा तो नाही. हा तो नाही, मला माहीत आहे. पण एकटीने फिरण्यापेक्षा

मी मान वर ठेवते आहे. जितका वेळ जमेल तितका. मान वर असली की दोर बसत नाही, एवढं कळलंय मला. फक्त मान खाली घालायची नाही. त्याने म्हटलं तरी. कितीही

आता म्हणेल. श्वास घेतला की म्हणतो. घेतला

आशा, व